काढलेल्या ग्रहावरचं लग्न

बोरीच्या बसस्टँडसमोर भुजंगचं फ्लेक्सचं दुकान होतं. जिंतूर रस्त्यावर खांबाखांबावरून जी तोंडं हसायची, त्यातली निम्मी त्याच्या हातची. वाढदिवस, निवड, नियुक्ती, श्रद्धांजली, शर्यत जिंकलेली बैलजोडी, सगळं तो करायचा. त्याच्या वडलांनी जन्मभर मेंढरं राखली. भुजंगनं बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि मेंढरांच्या ऐवजी माणसांची तोंडं एका रांगेत उभी करायला शिकला. वडील म्हणायचे, "काम तेच हाय लेका. फरक येवढाच, माझा फोटो बारीक कामून टाकला मनून मेंढरू भांडत न्हाई."

भुजंगला आपल्या कामाचा लय अभिमान. गाव झोपेतून उठून चहाला आलं की त्याच्या बॅनरपुढं घडीभर थांबलं पाहिजे, असा त्याचा हट्ट असायचा. बायको दीपिका दुकानातच असे. छापून आलेल्या फ्लेक्सला कडेनं दोरी ओवायच्या रिंगा ठोकता ठोकता ती त्याच्या चुका काढायची, आणि त्या बहुतेक वेळा खऱ्या निघायच्या.

दिवाळी सरली, तुळशीचं लग्न लागलं आणि लग्नसराई सुरू झाली. एक दिवस आबासाहेब दुकानात आले. गावातले मोठे बागायतदार. त्यांच्या योगीराजचं लग्न वालूरच्या भक्तीशी ठरलं होतं आणि लग्न बोरीलाच, मुलाच्या दारी होणार होतं.

"भुजंग, बॅनर असं पाहिजे की फाट्यावर एसटी थांबली पाहिजे," आबासाहेब म्हणाले. "गुलाब नको, मोर नको. बदाम पाहिजे. पण लाल बदाम नको. मागल्या लग्नसराईत लाल बदाम बघून बघून लोकांचे डोळे आलेत."

"लाल न्हाई, तर मंग कसला आबासाहेब?"

"ते तू शोध. तुला कशाला ठेवलंय?"

भुजंग शोधायला बसला. इंटरनेटवर बदामांचा काय दुष्काळ! सोनेरी बदाम, फुग्यांचे बदाम, पाण्याच्या थेंबांचे बदाम. तो कंटाळून उठणारच होता, तेवढ्यात एक चित्र समोर आलं आणि त्याचा हात थांबला. काळ्याकुट्ट अंधारात एक गोल. तपकिरी, थोडा तांबूस, जागोजागी डाग पडलेला. आणि त्या गोलावर खालच्या अंगाला केवढा तरी मोठा, फिकट सायीच्या रंगाचा बदाम. खव्याच्या पेढ्यावर कुणी अंगठ्यानं हलकेच दाबून काढावा तसा.

"दीपिका, हे बग," तो म्हणाला. "चंद्रावर बदाम काढलाय कुणीतरी."

दीपिकानं बघितलं. तिलाही आवडलं. मग तिचं बोट कोपऱ्यात गेलं. "हे इंग्रजीत काय लिवलंय बारीक?"

भुजंगनं अक्षरं लावली. "प्लु... टो. फोटो काढणाराचं नाव असंल. परदेशी माणूस दिसायलाय."

"मंग पुसा की."

"न्हाई. दुसऱ्याच्या मेहनतीवरचं नाव पुसू न्हाई. त्याच्या शेजारी आपलं टाकू."

आणि खरंच तसं छापलं गेलं. बदामात सुटाबुटातला योगीराज आणि शालू नेसलेली भक्ती, वर 'शुभविवाह', खाली निमंत्रकांची जत्रा, आणि कोपऱ्यात आधी इंग्रजीत प्लुटो आणि लगेच पुढं 'भुजंग डिजिटल, बोरी'. जणू दोघांची भागीदारी होती.

बॅनर फाट्यावर चढलं आणि भुजंगच्या जिवाचं सोनं झालं. लोक थांबायचे, बघायचे, मोबाईलवर फोटो काढायचे. एसटीचा कंडक्टरसुद्धा खिडकीतून वाकून बघून गेला. दोन दिवस भुजंग चहाच्या टपरीवर उगंच जास्त वेळ बसायला लागला.

तिसऱ्या दिवशी आबासाहेब दुकानात आले ते दस्तीनं मान पुसतच. मागं योगीराज. योगीराज गावात दूध संकलन केंद्र चालवायचा. तसा शहाणा पोरगा, पण लग्न ठरल्यापासून त्याची वाचाच बसली होती.

"भुजंग, तू माझ्या पोराला कुठं नेऊन बसवलंस?"

"बदामात, आबासाहेब."

"बदाम कुठं हाय?"

"चंद्रावर."

"चंद्रावर न्हाई!" आबासाहेबांचा आवाज स्टँडपर्यंत गेला. "प्लुटोवर हाय! ग्रहातून काढून टाकलेला ग्रह हाय मनं तो! कुणीतरी फोटो पाठवला, भक्तीच्या मामांनी कोपऱ्यातलं नाव वाचलं, आन त्यांचा फोन आला. 'आमची भाची काय काढून टाकलेल्या ठिकाणी द्यायलोत का आमी?' मनले. बॅनरचा निकाल लागला न्हाई तर मी लग्नाला येत न्हाई मनले."

नवरीला बोहल्यावर आणायला मामा लागतो. मंगलाष्टकांच्या वेळी तिच्या पाठीशी मामा लागतो. मामा रुसला की लग्नाची गाडी चिखलात रुतलीच.

"आत्ता जाऊन काढतो बॅनर," तो शिडीकडं धावला.

"तेवढ्यानं भागत न्हाई. ज्यानं केलं त्याला माझ्यापुढं आणा मनले. चल, बस गाडीत."

"मी काय बोलू त्यांच्याशी?"

"माफी माग. कमी बोल."

दीपिका रिंगा ठोकायची थांबली. "कमी बोल मनायलेत, ध्यानात ठेवा," ती म्हणाली. "तुमचं बोलणं आन तुमचं डिझाइन, दोन्हीत जागा ऱ्हात न्हाई."

योगीराजनं जीप काढली. दोन्ही अंगाला कापूस फुटला होता, तुरी हिरव्यागार झाल्या होत्या, आणि मागच्या सीटवर भुजंग मनातल्या मनात माफीचं वाक्य घोटत होता. आबासाहेब वाटभर एकच बोलले, "लग्नाआधी नवरदेवानं सासुरवाडीला जाऊ न्हाई. पण डायव्हर उसाच्या गाडीवर गेला. काय करतो?" योगीराजनं मात्र गाडी अशी पळवली की वालूर नेहमीपेक्षा लवकर आलं.

ओसरीवर खुर्ची टाकून बजरंगमामा बसले होते. गंगाखेडकडचा माणूस, खास यासाठी येऊन बसलेला. पांढरी टोपी, भरघोस मिशा, हात खुर्चीच्या दांड्यांवर असे घट्ट की खुर्ची कुणी ओढून नेईल असं वाटावं. भक्तीच्या आईनं, कडूबाईंनी, पाण्याचा तांब्या आणला.

भुजंगनं हात जोडले. "मामा, माफी असावी. तो काढलेला हाय हे मला ठावंच नव्हतं."

मामांची मिशी हलली.

इथंच थांबायला पाहिजे होतं. पण भुजंगला शांतता सोसत नसे. "आन काढलेला असला तरी काय झालं? एका टायमाला व्हताच की ग्रह. मान व्हता त्याला."

मामांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"लोकांनी काढला, त्याच्यात त्याचा तरी काय दोष? कमी पडलं असंल त्याचं वजन."

मामा ताडकन उभे राहिले. कानाच्या पाळ्या लालबुंद. आबासाहेबांनी भुजंगच्या पायावर पाय दिला, तोही इतक्या जोरात की भुजंगच्या तोंडून पुढचं वाक्य न येता नुसतं 'आई गं' आलं. तेवढ्यात कडूबाईंनी आतून हाक मारली, "भुजंगभाऊ, जरा चहाचा ट्रे न्यायला या!"

ट्रे नावालाच होता. स्वयंपाकघरात कडूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "काय बोलायलाव हो तुमी! दादा आमच्या माहेरगावचे सरपंच व्हते. मुदत अर्धीबी झाली न्हाई, आन मेंबरांनी अविश्वास ठराव आणला. हात वर केले आन दादाला काढलं. तवापासून आमच्यात 'काढलं' हा शबुद कुणी उच्चारत न्हाई. तव्यावरची भाकर सुदिक 'उतरवली' मनतो आमी."

भुजंगला एकदम सगळं उमजलं, आणि आपण आत्ता काय काय बोललो ते ओळीनं आठवलं.

चहा घेऊन तो बाहेर आला. यावेळी शब्द न् शब्द तोलून बोलायचं त्यानं ठरवलं. "मामा, मी आजच्या आज बॅनर का... का..." तो अडकला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघायला लागले. "...खाली उतरवतो."

"बॅनर उतरवायचं न्हाई."

आवाज दारातून आला होता. भक्ती उभी होती. बी.एस्सी. झालेली, सेलूला शिकवणीच्या वर्गात विज्ञान शिकवायची. हातात मोबाईल, आणि चेहरा असा की हसू दाबून दाबून दुखायला लागलं असावं. योगीराजनं तिला बघितलं आणि चहाचा कप बशीत ठेवण्याऐवजी बशीच्या शेजारी ठेवला. कप कलंडला.

"मी बॅनर बघितलं तवाच ओळखलं," भक्ती म्हणाली. "मला तर लय आवडलं. मामा, नाव ऐकूनच तुमी रागावलाव. त्याचं तोंड तरी नीट बघितलं का?"

"काय बघायचं? ज्याला ग्रहातून..." मामांना तो शब्द घेता येईना. "ज्याला ग्रहातून कमी केलं, त्याच्या अंगावर आपली पोरगी?"

"कसं कमी केलं ते तरी ऐका. इथून एक यान निघालं, प्लुटोकडं जायला. निघालं तवा तो ग्रहच व्हता. यान वाटेत, आन इकडं थोड्याच महिन्यांत सभा भरली."

"कसली सभा?"

"जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांची. तिथं हात वर करून मतदान झालं. ह्याला ग्रहातून वगळलं आन बटुग्रह मनायला लागले."

मामा बसले. पण मागं टेकले नाहीत. "हात वर करून?"

"व्हय."

"सभासद किती?"

"हजारो."

"आन हजर?"

"मतदानाला चारशेच्या आसपास. बाकीचे कितीतरी आधीच घरी गेले व्हते."

मामांनी आबासाहेबांकडं बघितलं. आबासाहेब सोसायटीचे जुने संचालक, त्यांनाही यात गोडी वाटायला लागली होती. "ह्यात गणपूर्तीचा मुद्दा येतो," ते हळूच म्हणाले.

"येतोच!" मामा म्हणाले. "आन ज्याच्यावर ठराव, त्याला नोटीस?"

भक्तीनं ओठ आवळले. "तो लय लांब ऱ्हातो मामा."

"लांब असू दे. बाजू मांडायची संधी दिली का? मुदत किती व्हती त्याची?"

"मुदत अशी नसती. पण सूर्याभवती त्याचा एक फेरा जवळजवळ अडीचशे वर्षांचा. सापडून तर पाऊणशे वर्षंच झाली व्हती."

"मंजे पहिला फेरा पुरा व्हायच्या आत?"

"व्हय."

खुर्चीच्या दांड्यावर मामांची थाप पडली. कडूबाईंच्या हातातली साखरेची वाटी हलली. "एक फेरा! एक फेरा पुरा करू द्यायला ह्यांचं काय जात व्हतं? कारभार तरी बघायचा आधी माणसाचा!"

यावेळी भुजंग काहीच बोलला नाही, आणि हे त्याचं त्यालाच मोठं नवल वाटलं.

"मंग यान मागं फिरलं आसंल," मामा उदास होऊन म्हणाले. "पद गेलं की कोण येतं दाराशी? कालपर्यंत चहाला येणारे रस्ता बदलत्यात."

"न्हाई फिरलं," भक्ती म्हणाली. "साडेनऊ वर्षं जातच ऱ्हायलं. आन पोचलं तवा सगळी दुनिया बघायला बसली. लोकांना वाटलं व्हतं, धोंडा असंल थंडगार. तर तिथं बर्फाचे डोंगर निघाले. हा बदाम, त्याची ही डावी बाजू बगा, गोठलेल्या नायट्रोजनचं मैदान हाय. आपल्या हवेत जो नायट्रोजन हाय तोच, फक्त बर्फ झालेला. यानाकडून सगळे फोटो यायलाच वर्षाच्या वर लागलं, येवढं ते लांब. एकेक फोटो हळूहळू, तुकड्यातुकड्यानं."

"आपल्या रेंजसारखं," योगीराज म्हणाला. त्या घरात तो पहिल्यांदाच बोलला होता. भक्तीनं त्याच्याकडं बघितलं आणि या खेपेला हसू दाबलं नाही.

"आन हा फोटो बगा," तिनं मोबाईल मामांच्या हातात दिला. "यानाला थांबता येत नव्हतं. जवळून गेलं ते पुढंच निघून गेलं. जाता जाता त्यानं मागं वळून बघितलं. तवा सूर्य प्लुटोच्या आड गेला व्हता."

भुजंग मामांच्या खांद्यावरून वाकला. फोटोत बदाम नव्हता, डोंगर नव्हते. सगळं काळं. आणि त्या काळ्यात एक बारीकशी, नितळ निळी कड, गोल फिरलेली. बांगडी कुणी अंधारात धरावी आणि तिच्या काठाला तेवढा उजेड लागावा, तशी. इतकी वर्षं तो चित्रांना कडेनं चमक मारत आला होता. एका बटणाचं काम. पण ही चमक कुणी मारलेली नव्हती.

"हे निळं काय?" मामांनी विचारलं.

"हवा. त्याची सोताची हवा. तिच्यात धुकं हाय, थरावर थर. लय बारीक कण, मनून मागून ऊन आलं की निळं दिसतं. सकाळी चुलीचा धूर झाडाच्या सावलीवर निळा दिसतो ना, तसं."

मामांनी बोटानं फोटो मोठा केला, बारीक केला, पुन्हा मोठा केला. मग मान वर करून त्यांनी सगळ्यांकडं बघितलं आणि त्यांच्या मिशीखाली पहिल्यांदा हसू आलं.

"मंजे काढल्यावर सुदिक हवा हाय की गड्याची!"

ओसरी हसली. कडूबाईंनी तोंडाला पदर लावला. भावाच्या तोंडून तो शब्द त्यांनी कितीतरी दिवसांनी ऐकला होता.

"त्याला चंद्र हाय का?" योगीराजनं विचारलं. आता त्याची भीड थोडी चेपली होती.

"हाय. पाच हायत. पण मोठा एकच, शेरॉन," भक्ती म्हणाली. "दोघं एकमेकांकडं तोंड करूनच फिरत्यात. कुणी कुणाला पाठ दाखवत न्हाई."

योगीराज लाल झाला. भक्तीही आपण काय बोललो ते ध्यानात येऊन मोबाईलकडं बघायला लागली. आबासाहेब मोठ्यानं खाकरले. "बाकीचं ज्ञान लग्नानंतर."

मामा आता पुरते खुलले होते. "फाट्यावरचं बॅनर तसंच ऱ्हाऊ द्या. आन भुजंग, स्टेजच्या मागं हा हवेचा फोटो लाव. सगळा पडदा भरून."

"मामा, काळा हाय तो," आबासाहेब चाचरले. "लग्नात येवढं काळं? पावणे काय मनतील?"

कडूबाई म्हणाल्या, "तीट समजा. लेकराला दृष्ट लागू न्हाई मनून लावतोच की गालाला. हिला मोठी लावू."

ठरलं.

बोरीला आल्यावर भुजंगनं काम हातात घेतलं. मागून दिवे सोडता येतात तो जाड फ्लेक्स आणला. आणि मग त्याची जुनी सवय उफाळून आली. निळी कड त्याला बारीक वाटली. त्यानं ती जाड केली, रंग भडक केला, दोन-चार तारे पेरले, आणि नमुना भक्तीला पाठवला. निरोप लगेच आला: 'एवढी हवा नाही त्याला. जेवढी आहे तेवढीच दाखवा.'

भुजंगनं तो दीपिकाला दाखवला. त्याला वाटलं, ती आपली बाजू घेईल.

"बरोबर हाय पोरीचं," दीपिका म्हणाली. "आजवर कुणाचा रंग जसा हाय तसा छापलाव का तुमी? माझ्या लग्नातल्या फोटोत मला माझी मायबी वळखत न्हाई."

भुजंगनं तारे पुसले, भडकपणा कमी केला, कड होती तेवढीच ठेवली. छापून आलेला फ्लेक्स दुकानाच्या फरशीवर पसरला तेव्हा तो पहिल्यांदा त्याला अपुरा वाटला, जेवणात मीठ राहून गेल्यासारखा. पण मग तो कडेला बसून बघतच राहिला आणि दीपिकाला दोनदा हाक मारावी लागली.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. आबासाहेबांच्या घरामागच्या रानात मांडव, स्टेजची पाठ मावळतीला. फ्लेक्सच्या मागं भुजंगनं हॅलोजन लावले आणि बटण दाबून खातरजमा करून घेतली. कड झकास उजळली. पाव्हणे आले, बसले, काहींनी विचारलं, "हे काय हो?" त्यांना मामाच उत्तरं द्यायचे. यायच्या वाटेवर ते फाट्यावरच्या बॅनरपुढं गाडी थांबवून फोटोही काढून आले होते.

मुहूर्त जवळ आला तशी मामांनी माईक हातात घेतला. "दोनच मिनिटं," ते म्हणाले.

सरपंच राहिलेल्या माणसाच्या हातात माईक आणि 'दोनच मिनिटं' हे शब्द, यातला धोका पहिल्या रांगेला कळला. मामांनी यानापासून सुरुवात केली. सभा, हात वर करणं, गणपूर्ती, नोटीस, अपुरा राहिलेला फेरा. मध्ये त्यांच्या गावचे दोन मेंबर पाव्हणे म्हणून बसले होते, ते आपापल्या चपलांकडं बघायला लागले. गुरुजींनी घड्याळ बघितलं, मग आबासाहेबांकडं बघितलं. आबासाहेबांनी भुजंगला खूण केली. भुजंगनं काय करावं? माईकवाल्याकडं गेला तर तोही तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"...आन तरीबी मित्रहो, त्या यानानं मागं वळून काय बघितलं..." मामांचा आवाज टिपेला गेला, आणि लाइट गेली.

माईक मुका झाला. हॅलोजन विझले. मागचा फ्लेक्स नुसता काळा पडदा होऊन बसला. मांडवात 'हो' असा गलका झाला. लग्नात एवढं मोठं काळं, तेही भुजंगच्या हातचं. तो जनरेटरकडं धावणार तेवढ्यात मागचा गलका आपोआप खाली आला. त्यानं वळून बघितलं.

सूर्य अगदी खाली, तुरीच्या शेंड्यांना टेकला होता, बरोबर फ्लेक्सच्या मागं. काळ्या शाईतून ऊन आरपार येईना, पण त्या बारीक निळ्या कडेतून येत होतं. कड पेटली होती. हॅलोजनच्या उजेडात दिसली त्याहून कितीतरी नाजूक, कुठं जरा जास्त, कुठं जरा कमी. म्हातारी माणसं माना वाकडी करून बघत होती. रडणारं एक लेकरू रडायचं थांबलं होतं.

लोक आपल्याकडं बघत नाहीत, हे मामांच्या जरा उशिरा लक्षात आलं. ते मागं वळले. हातात बंद पडलेला माईक, तोंडात अर्धं वाक्य. ते वाक्य त्यांनी पुढं कधीच पुरं केलं नाही. माईक हलकेच खाली ठेवला, टोपी नीट केली आणि भाचीला आणायला आत गेले.

मंगलाष्टकं माईकशिवाय झाली. गुरुजींचा आवाज शेवटच्या रांगेला पोचत नव्हता, म्हणून पुढच्या रांगांनी 'सावधान' मागं पोचवलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा योगीराज आणि भक्ती समोरासमोर होते आणि योगीराज काहीतरी पुटपुटला. भुजंग जवळच उभा होता, त्याला ऐकू आलं. "पाठ दाखवायची न्हाई ना?" भक्तीनं अक्षतांच्या पावसात मान खाली घालून "न्हाई" म्हटलं. मामा तिच्या पाठीशी उभे होते. डोळे पुसायला त्यांना दस्ती सापडेना, तेव्हा टोपीच उपयोगी पडली.

पंगतीत भुजंगच्या शेजारी मामा बसले. समोर नवरा-नवरी. गावचे ते दोन मेंबर मुद्दाम येऊन मामांच्या ताटात जिलबी वाढून गेले. मामांनी 'नको' म्हटलं, मग घेतली.

"भक्ती," मामा जेवता जेवता म्हणाले, "ती हवा टिकती का गं? का जाती उडून?"

"तो सूर्यापासून लांब लांब जायलाय मामा. लय लांब गेला की ती गोठंल आन बर्फ होऊन खाली पडंल, असं मनत्यात. परत जवळ आला की ऊन लागून वर येईल."

मामांनी जिलबीचा तुकडा मोडला. "वर येती मन की."

"दादा, भात घ्या," वाढायला आलेल्या कडूबाई घाईनं म्हणाल्या. भावाच्या डोळ्यात पुढची निवडणूक त्यांना आत्ताच दिसायला लागली होती.

जेवणं उरकली तसा भुजंग फ्लेक्स सोडायला शिडीवर चढला. खाली आबासाहेब आणि मामा येऊन उभे राहिले.

"जाड हाय," आबासाहेब फ्लेक्स चाचपून म्हणाले. "कडब्याच्या गंजीवर बरा बसंल."

"कडब्यावर?" मामांचा आवाज पुन्हा चढला. "ह्याला कडब्यावर घालायलाव? मी नेतो. माझ्या घराच्या ओसरीला लावतो. गावाला दिसू दे."

"मामा, फ्लेक्स माझा हाय."

"भाची दिली की मी तुमाला!"

भुजंग आणि दीपिकानं मिळून फ्लेक्सची गुंडाळी केली, शाई आतल्या बाजूला ठेवून, आणि मामांच्या जीपवर आडवी टाकली. मामा ती दोरीनं बांधू देईनात. घडी पडेल, म्हणाले. ते मागच्या बाजूला बसले, एक हात खिडकीतून वर काढून त्यांनी गुंडाळी धरून ठेवली आणि डायव्हरला बजावलं, "सावकास घे. खड्डा आला की आधी सांग."

गंगाखेडपर्यंत कितीतरी खड्डे होते. डायव्हरनं मान डोलावली आणि जीप मुंगीच्या चालीनं फाट्याकडं निघाली.